रेंजचा कातळ

त्या रविवारी अण्णांनी मरळीचं कालवण केलं होतं आणि मीठ घालायचं विसरले होते. मी तसंच खात राहिले. दोन घास खाल्ल्यावर त्यांनीच ताट बाजूला सारलं. "अळणी आहे आणि तू गुमान खातेयस? पुण्यात राहून अगदीच शहाणी झालीस."

"तुम्ही मनापासून केलंत म्हणून खातेय."

"मन घाल चुलीत. मीठ दे इकडं."

दुपारी ते मला धक्क्यावर सोडायला आले. आमचं धारमाळ गाव धरणाच्या जलाशयाच्या आत, डोंगरांच्या वाटीत बसलेलं आहे. गावाबाहेर पडायला लाँच, नाहीतर मागचा घाट. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रघुनाथ पारठ्यांनी, नोकरीची सगळी वर्षं ती लाँच चालवली. निवृत्त झाल्यावर नव्या चालकाकडे बघून मान हलवणं हा त्यांचा उद्योग होता.

वाटेवर, शाळेच्या मागच्या चढाला, रेंजचा कातळ लागतो. धक्क्यावरची थोडीशी सोडली, तर गावात फोनला रेंज मिळायची ती फक्त तिथे. दिवेलागणीला सगळं गाव तिथे जमायचं. कोणी पोराशी भांडतंय, कोणी जावयाला गोड बोलतंय, कोणी एका पायावर उभं राहून फोन आभाळाकडे धरतंय. कोणाचं काहीच झाकलेलं राहत नसे. एखादा म्हातारा दोन दिवस कातळावर दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दाराची कडी वाजवायचं.

त्या दिवशी कातळावर एक शेळी रवंथ करत बसली होती.

"बघ," अण्णा म्हणाले. "पूर्वी हिला इथं पाय ठेवायला जागा मिळायची नाही."

"आता घरातूनच लागतो ना फोन. चढ वाचला तुमचा."

"चढ वाचला. पण कोण कुणाशी बोलत न्हाई गं. जो तो आपल्या घरात फोनशी बोलतोय."

"कानातलं मशीन घालता का? डब्यात असेल."

"डब्यात एकदम सुरक्षित आहे. स्पीकरवर ऐकतो तुझं. सगळ्या आळीला कळतं, वैजूनं आज काय खाल्लं ते."

लाँच आली. "लावतोय का ठोकतोय धक्क्याला?" अण्णा मोठ्याने म्हणाले. चालकाने हसून सलाम केला. मी चढले. त्यांनी हात वर केला आणि नेहमीसारखंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर."

मी पोचल्यावर फोन केला. सोमवारीही केला. मंगळवारी दिवेलागणीला केला तेव्हा ते म्हणाले, "मी ठणठणीत आहे. गोळी घेतली. पाणी आलं होतं. तू जेवलीस का?" मी म्हटलं, जेवते आता. ते म्हणाले, "मग जेव. निवांत झोप."

बुधवारी सकाळी शेजारच्या बनाकाकी दूध घेऊन गेल्या, तेव्हा अण्णा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेले होते. डॉक्टरांच्या मते ते आदल्या संध्याकाळीच गेले होते. हृदयविकार. वेळेत लाँचमधून पलीकडे नेलं असतं तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला. बायका भांडी घासत होत्या. बनाकाकी माझ्याकडे न बघता बोलल्या. लहानपणी मला आई नव्हती, तेव्हा माझ्या वेण्या याच घालत असत.

"एक इचारू का वैजू? बाप म्हनतोय छातीत कळ येतीया, हात जड पडलाय, आनि तू म्हनतीस ओवा खा? उद्या बोलते?"

"कधी म्हटलं मी असं?"

"मंगळवारी. मी परसात व्हते. तुझा आवाज काय मी वळखत न्हाई? 'काही नाही अण्णा, गॅस झाला असेल. ओवा खा आणि पडून राहा.' असं म्हनालीस. मला वाटलं, पोरगी कानाची का असंना, डाक्टरीन हाय. तिला कळत असंल. म्हनून मी गेले न्हाई."

त्यांनी पातेलं उपडं घातलं आणि त्या आत गेल्या. अंगणातल्या बाकीच्या बायकांनी हातातलं काम थांबवलं नाही, पण त्या सगळ्यांना हे आधीच माहीत होतं, हे मला त्यांच्या पाठींवरून कळलं.

इथे थोडं विज्ञान सांगायला हवं. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान तपासणं हा माझा व्यवसाय. दवाखान्यात मी कधीकधी रुग्णांना एक वाक्य ऐकवते. त्यातलं एक अक्षर कापून तिथे खोकल्याचा आवाज घातलेला असतो. जवळजवळ प्रत्येक जण शपथेवर सांगतो की अक्षर ऐकू आलं, मागे कोणीतरी खोकलं एवढंच. गाळलेली जागा मेंदू स्वतः भरतो, आणि भरली हे आपल्याला सांगत नाही.

फोनवरचा आवाज बारीक तुकडे करून पाठवतात. काही तुकडे वाटेत हरवतात. फार पूर्वीपासून फोन अशा वेळी आधीचाच तुकडा जरा ताणून भोक बुजवत आले आहेत. 'अखंड' या कंपनीने तेच पुढे नेलं. त्यांच्या सोयीचं नाव 'सांधा'. तुम्ही ज्यांच्याशी रोज बोलता, त्यांचा आवाज, त्यांचे शब्द, शब्दांची सवयीची ओळ हे सगळं फोन शिकून घेतो आणि स्वतःजवळ साठवतो. रेंज गेली की टॉवरची वाट न बघता तोच बोलू लागतो. सुरुवातीला एका शब्दापुरता. मग वाक्यापुरता. मग रेंज परत येईपर्यंत, कितीही वेळ. दोन्ही टोकांना. मुळात फोन लागलाच नाही, तरीही. सांधा चालू असताना फोनवर काही खूण दिसत नाही, रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात. चाचणीत खूण दिसली की लोक अस्वस्थ होत, म्हणून ती काढून टाकली.

आमचं बोलणं शिकायला त्याला काय वेळ लागणार? गोळी, पाणी, जेवण, झोप. कधीतरी हिवाळ्यात अण्णांनी पावटे खाऊन पोट फुगल्याची तक्रार केली होती आणि मी ओवा खायला सांगितलं होतं. यंत्राने ते जपून ठेवलं होतं.

म्हणजे मंगळवारी आम्ही बोललोच नव्हतो. मी पुण्यात एका यंत्राला विचारत होते आणि ते मला ठणठणीत आहे म्हणत होतं. अण्णा धारमाळला स्वतः फोन लावून दुसऱ्या यंत्राला सांगत होते आणि ते त्यांना माझ्या आवाजात झोपायला सांगत होतं. अण्णा गेले ते मी ओवा खा म्हटलं असं समजून गेले.

हे मी बनाकाकींना सांगितलं नाही. आवाज माझा होता, वाक्यही माझंच होतं. ती मी नव्हते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? कोणालाही ती सबबच वाटली असती. तसं सांगायचं तर ते कंपनीच्या तोंडून वदवून घ्यायला हवं होतं.

'अखंड'च्या ग्राहक विभागाचे प्रमुख ऋत्विज कर्णिक. माझ्यापेक्षा थोडे लहान, आवाज मऊ, उच्चार स्वच्छ. त्यांनी मला कॉफी मागवली आणि मनापासून सांत्वन केलं. मग म्हणाले, "मॅडम, मंगळवारचा कॉल आमच्या नोंदीत पूर्ण आहे. एकदाही तुटलेला नाही."

"तो जोडलेलाच नव्हता."

"तांत्रिक भाषेत, संभाषण अखंड होतं. आणि सांध्याला तुम्ही दोघांनी संमती दिलेली आहे."

वकिलांनीही तेच सांगितलं होतं. भरपाईचे दरवाजे संमतीने बंद झाले होते. मला भरपाई नकोच होती. मी करार अथपासून इतिपर्यंत वाचला. मी वाचणारी बाई आहे, कंटाळवाणं वाचायलाही मला कंटाळा येत नाही. शेवटाकडे, नियामकांनी सगळ्याच कंपन्यांना घालायला लावलेलं एक जुनं कलम होतं: फोन जिथे नेहमी वापरला जातो तिथे रेंज मिळत नसेल, तर ग्राहक दंड न भरता करार सोडू शकतो. पूर्ण करारात एवढी एकच जागा अशी होती, जिथे कंपनीला कबूल करावं लागलं असतं की इथे आमची रेंज नाही. रेंज नाही, तर मग मंगळवारी कोण बोललं?

मी अण्णांच्या नंबरासाठी त्या कलमाखाली अर्ज केला.

कर्णिकांचा लगेच फोन आला. "मॅडम, तुमच्या परिस्थितीचा विचार करून आम्ही दंड माफ करतोय. माणुसकी म्हणून."

"माफी नको."

"अहो, तुम्हाला एक रुपयाही भरावा लागणार नाही."

"ते समजलं मला. पण माफ करणारे तुम्ही कोण? रेंज नव्हती, एवढं लिहून द्या."

माफी आणि हक्क यांतला फरक त्यांनाही नीट कळत होता. धारमाळसारख्या दरीत राहणारे हजारो लोक या करारांत अडकलेले होते. एकाला हक्काने सोडलं, तर सगळ्यांना सोडावं लागणार होतं.

"मी स्वतः सांधा वापरतो," ते म्हणाले. "माझ्या मुलीशी रोज बोलतो, घाटात असलो तरी. मला कधी फरक जाणवला नाही."

"मुलगी किती मोठी आहे?"

"ईरा? दुसरीत आहे." त्यांचा आवाज आपोआप हसरा झाला.

मी तक्रार निवारण कार्यालयात जागेवर पाहणीची मागणी केली. त्या दिवसापासून मला झोप चांगली लागू लागली. मनात काय शिजत होतं ते मी सभ्य शब्दांत लिहू शकते, पण ते सभ्य नव्हतं. या माणसाला अण्णांच्या स्वयंपाकघरात उभं करायचं आणि घरी फोन लावायला सांगायचं, एवढंच मला हवं होतं.

पाहणीला मुजावर मॅडम आल्या. निवारण कार्यालयाच्या अधिकारी, वयाने मोठ्या, पायात स्पोर्ट्स शूज. लाँचमध्ये कर्णिक सारखे फोन बघत होते. मॅडमनी विचारलं, "काही अडचण?"

"नाही, मुलीला ताप आहे कालपासून. बायको आहे घरी. व्हायरल असेल."

मी पाण्याकडे बघत होते. त्या क्षणी मला थांबता आलं असतं. पाहणी पुढे ढकला, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

धक्क्यावर उतरल्यावर मीच म्हटलं, "कर्णिकसाहेब, इथे धक्क्यावर थोडी रेंज असते. आत्ता घरी फोन लावा आणि बोलत बोलत घरापर्यंत चला. तुटला नाही, तर मी अर्ज मागे घेते."

"उत्तम," ते म्हणाले. त्यांना हेच दाखवायचं होतं. त्यांनी फोन लावला, स्पीकर चालू केला.

"पिल्लू, कसं वाटतंय?"

"डोकं दुखतंय बाबा," एक बारीक, कुरकुरणारा आवाज आला. "तुम्ही कधी येणार?"

"संध्याकाळी. आईने औषध दिलं ना?"

आम्ही चालू लागलो. मागून बनाकाकी आणि दोनचार जणी आल्या. गावात पाहणीला कोणी येतं तेव्हा घरी कोण बसतं? शाळा मागे पडली, ओढ्याकडे उतार लागला, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. ईरा बोलत होती. हळूहळू तिची कुरकुर कमी झाली. आवाज तोच, पण ओल गेली. अण्णांच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा ती म्हणत होती, "मी मस्त आहे बाबा. ताप उतरला. तुम्ही जेवलात का?"

कर्णिकांनी मुजावर मॅडमकडे बघितलं. "बघा. एकदाही नाही तुटला. सगळ्या दांड्या आहेत."

मॅडमनी पर्समधून स्वतःचा साधा फोन काढला. दुसऱ्या कंपनीचा, सांधा नसलेला. "माझ्या फोनवर एकही दांडी नाही. पण तो तुमचा टॉवर नाही, हेही खरं." त्या प्रामाणिक होत्या. तेवढ्यावर निकाल देता येत नव्हता.

"आत या," मी म्हटलं. "फोन इथून व्हायचे."

ते स्वयंपाकघरात आले. चुलीजवळच्या भिंतीवर, अण्णा टेकून बसत तिथे, तेलकट डोक्याचा डाग आहे. कर्णिक त्याच्या समोर उभे राहिले.

"एक विचारा तिला," मी म्हटलं. "आत्ता तिच्या हातात काय आहे?"

ते हसले. "पिल्लू, तुझ्या हातात काय आहे आत्ता?"

"तुम्हीच ओळखा ना बाबा!"

"मी हरलो. सांग."

"नंतर सांगते. तुम्ही जेवलात का?"

"जेवीन गं. आधी सांग, हातात काय आहे?"

"तुम्हीच ओळखा ना बाबा!"

तोच लाडिक हेल, त्याच जागी. कर्णिकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या आतलं काहीतरी निघून गेलं.

"ईरा," ते म्हणाले. "आईला दे फोन."

लगेच बायकोचा आवाज आला. "हो, बोला. सगळं ठीक आहे. तुम्ही काळजी करू नका."

"ताप किती आहे?"

"उतरला. झोपेल आता ती. तुम्ही जेवलात का?"

कर्णिकांनी फोन कानाला लावला, जणू स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाच्या मागे दुसरा कोणी असेल तर ऐकू येईल. रुग्ण असे कान लावतात, मी रोज बघते. "अनुजा, तू आहेस ना?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"आहे ना. असं काय विचारताय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला सांगता आलं असतं की घाबरू नका, बहुधा सगळं ठीकच असेल. तेवढा दिलासा कोणीही कोणालाही देतं. मी तो दिला नाही.

"रेंज..." ते म्हणाले.

"रेंज तर आहे ना?" मी विचारलं.

ते बाहेर पडले. आधी भराभर चालत, मग ओढ्यावरून सरळ धावत. बनाकाकीच ओरडल्या, "तिकडं न्हवं ओ सायेब! कातळावर जा, कातळावर! शाळेच्या मागं!" आणि पुण्याच्या कंपनीचा विभागप्रमुख, गुळगुळीत तळव्यांचे बूट घसरवत, चढ चढू लागला. आम्ही मागे गेलो. मुजावर मॅडम सर्वांच्या पुढे होत्या.

कातळावरची शेळी उठून बाजूला झाली. कर्णिक हातांनी आधार घेत वर चढले. फोन अजून बोलत होता, "तुम्ही काळजी करू" आणि मग कसलीही खरखर न होता, मध्येच, तोच आवाज बदलला. चिरका झाला, रडवेला, माणसाचा.

"...ऐकताय का तुम्ही? मघापासून सांगतेय, ताप चढतोच आहे, ती बरळायला लागलीय, आणि तुम्ही नुसतं 'औषध दे आणि झोपव' म्हणताय? 'व्हायरल असेल' म्हणताय? अहो, मी हॉस्पिटलला नेऊ का, एवढंच विचारतेय मी! किती वेळा विचारू?"

"ने," कर्णिक म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "आत्ता ने. ते मी नव्हतो. अनुजा, ते मी बोलत नव्हतो."

बनाकाकींच्या ओरडण्याने जमलेल्या सगळ्या गावाने ते वाक्य ऐकलं. कातळावर कोणाचं काही झाकलेलं राहत नाही.

ईराला त्या संध्याकाळी दवाखान्यात दाखल केलं आणि ती बरी झाली. हे मला नंतर समजलं, आणि बरं वाटलं. पण त्या क्षणी मुलीचं काय होईल हे मला माहीत नव्हतं, आणि तरीही तिच्या बापाचा चेहरा मी पोटभर बघून घेतला. मला त्याची दया आली असं लिहायला हवं. आली नाही.

मुजावर मॅडमनी कातळावर बसूनच शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: अर्जदाराच्या वडिलांच्या घरी रेंज नाही. कंपनीचे प्रतिनिधी स्वतः बोलण्यासाठी दुसऱ्या जागी धावत गेले. ग्राहकास करार दंडाशिवाय सोडण्याचा हक्क आहे.

"यावर सही करा," त्या म्हणाल्या. कर्णिकांनी वाचलंही नाही. सही करून ते धक्क्याकडे गेले.

पुढच्या महिन्यांत दऱ्याखोऱ्यांतल्या गावांनी हाच शेरा पुढे ठेवून करार सोडले. सांध्यावर खूण दाखवणं सक्तीचं झालं. खूण दिसू लागल्यावर लोकांनी ती सोय बंदच केली. कंपनीने मला एक सौजन्यपत्र पाठवलं. करार संपल्यामुळे अण्णांचा शिकलेला आवाज पुसला जाईल, हवा असल्यास आठवण म्हणून जतन करून देऊ. मी उत्तर दिलं, पुसा. आणि त्यांच्या फोनमधला माझा आवाज आधी पुसा.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी लाँच सुटायला वेळ होता. मी अण्णांचं घर बंद करायला परत गेले. बनाकाकी दारात उभ्या होत्या. आत येईनात.

"म्हंजी मंगळवारी ती तू न्हवतीस," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"आनि मी गावभर..." त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग त्यांनी दारातूनच आतल्या भिंतीकडे, त्या डागाकडे बोट केलं. "त्याला तर कळलंच न्हाई गं. त्यो तुझंच समजून ऐकत बसला. खरी तू असतीस तर काय म्हनाली असतीस?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. सूड घ्यायचा असेपर्यंत त्याची गरज पडली नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. चुलीजवळ जमिनीवर, ते बसत त्या जागेसमोर बसले. हातात फोन नव्हता. आवाज अण्णांना कानात मशीन नसताना ऐकू जावा इतका मोठा निघाला.

"अण्णा, फोन ठेवा. आहात तिथंच बसा आणि बनाकाकींना हाक मारा. मी निघालेय."